वजन परत वाढलं, आता दुसरं ऑपरेशन करायचं का?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की पहिलं वर्षभर माणूस रोज सकाळी हौसेने वजनकाट्यावर उभा राहतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच काटा पलंगाखाली सरकवलेला असतो. आकडा खाली जायचा थांबतो, मग एकेका किलोने वर यायला लागतो, आणि नेमक्या त्याच सुमारास बरीच मंडळी तपासणीला जाणं सोडतात. कारण लाज. ऑपरेशन केलं तेव्हा ‘सोपा मार्ग धरला’ म्हणणारे होतेच, आता ‘बघ, सांगितलं होतं’ म्हणायलाही तेच पुढे असतात. डॉक्टर रागावतील अशीही धास्ती असते. (काही रागावतातही. तो त्यांचा दोष, पेशंटचा नव्हे.)

मग कधीतरी रात्री झोप लागत नसताना विचार येतो की पुन्हा एकदा ऑपरेशन करून घ्यावं का? याला रिव्हिजन सर्जरी म्हणतात. या एका नावाखाली बऱ्याच निराळ्या गोष्टी येतात. पहिल्या ऑपरेशनमध्ये काही बिघडलं असेल तर ते दुरुस्त करणं, एका प्रकारचं ऑपरेशन दुसऱ्या प्रकारात बदलणं, क्वचित सगळं पूर्ववत करणं. यातलं काय करायचं, किंवा काहीच करायचं का, हे ठरवण्याआधी वजन का वाढलं ते शोधावं लागतं. आणि सापडलेलं कारण चाकूने सुटणारं आहे का, तेही पाहावं लागतं. बऱ्याचदा ते तसं नसतं.

किती वाढलं म्हणजे ‘वाढलं’?

समजा, ऑपरेशनच्या दिवशी वजन १२० किलो होतं. दीड वर्षात ते ८० वर आलं. आज ते ९२ आहे.

या माणसाला विचारा, तो म्हणेल, ‘बारा किलो वाढलं, सगळं पाण्यात गेलं.’ पण हिशोब नीट मांडा. उतरलेल्या ४० किलोंपैकी १२ परत आले, म्हणजे ३० टक्के. उरलेले २८ किलो अजून उतरलेलेच आहेत. मूळ वजनाच्या जवळजवळ २३ टक्के इतका हा फरक ऑपरेशनशिवाय इतकी वर्षं टिकवणं फार थोड्यांना जमतं.

तज्ज्ञांमध्येही यावर बराच काळ एकमत नव्हतं. कुणी ‘सर्वांत कमी वजनापेक्षा १० किलो जास्त’ ही रेघ धरायचं, कुणी ‘उतरलेल्या वजनाच्या २५ टक्के परत’ ही. एकच पेशंट एका व्याख्येत पास आणि दुसरीत नापास! आता लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इफ्सोने, साधारण अशी रेघ सुचवली आहे की उतरलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून जास्त परत आलं, किंवा ज्या आजारासाठी ऑपरेशन केलं होतं तो पुन्हा बळावला, तर लक्ष घालायला हवं. आपला १२० किलोवाला बरोबर या रेघेवर उभा आहे. त्याचा मधुमेह आटोक्यात असेल, गुडघे चालत असतील, झोपेत श्वास अडकत नसेल, तर घाई कशाची? उलट वजन फक्त सात-आठ किलो वाढलंय पण साखर पुन्हा चढली, असं असेल तर ते बारा किलोंपेक्षा गंभीर आहे.

थोडं वजन परत येणं हा ठरलेलाच भाग आहे, हेही कुणीतरी आधी स्पष्ट सांगायला हवं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या लोकांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपास (जठराची छोटी थैली करून ती थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे ज्यांना यशस्वी म्हणायचं त्यांचंही वजन तळापासून वर आलंच. पहिल्या दीड वर्षातला सगळ्यात कमी आकडा हे कायमचं घर समजलं की पुढची सगळी वर्षं हरल्यासारखी जातात.

शरीर काय करतं

उपाशी राहायची पाळी आली तर तग धरावा, अशीच आपल्या शरीराची घडण आहे. वजन भराभर उतरलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो. भूक वाढवणारी हार्मोन्स वर जातात, पोट भरल्याचं सांगणारी खाली येतात, आणि विश्रांतीतही जळणाऱ्या कॅलरी कमी होतात. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की केवळ आहाराने वजन उतरवलेल्या लोकांमध्ये हा हार्मोन्सचा बदल वर्षभरानंतरही टिकून होता. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत प्रचंड वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्यापैकी बहुतेकांचं वजन तोवर बऱ्यापैकी परत आलं होतं.

ऑपरेशन या दुष्काळी कारभारात हस्तक्षेप करतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागात जठराचा वरचा घुमट असतो, आणि घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं. (घ्रेलिनचा शोध १९९९ मधला.) बायपासमध्ये वरच्या बाजूला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न लवकर खाली पोचतं, आणि पोट भरल्याचा निरोप देणारं जीएलपी-१ हे हार्मोन जेवणानंतर भरपूर सुटतं. म्हणून पहिल्या वर्षात भूकच लागत नाही, आणि पेशंट म्हणतो, ‘अन्नाचं वेड सुटलं हो.’

काही वर्षांत शरीर यातूनही थोडीफार वाट काढतं. भूक परत येते. म्हणजे मनाचा निर्धार ढासळलाच असं नाही. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे. औषध चालू असताना रक्तदाब पुन्हा वाढला तर आपण औषधाचा विचार करतो, पेशंटच्या चारित्र्याचा नाही.

‘पोट ताणलं गेलंय का?’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि मनातून उत्तर ‘हो’ यावं अशी इच्छा असते. ताणलं असेल तर पुन्हा आवळता येईल, आणि दोष आपला ठरणार नाही!

कधीकधी ते खरंही असतं. स्लीव्हची नळी रुंदावू शकते. पहिल्या वेळी घुमटाचा भाग थोडा जास्त राहून गेलेला असू शकतो. बायपासमध्ये थैली आणि आतडं यांच्यातला जोड सैल पडतो, अन्न तिथे न थांबता खाली घसरतं आणि पोट भरल्याची भावना टिकत नाही. क्वचित वेगळी केलेली थैली आणि उरलेलं जुनं जठर यांच्यात भोक पडून वाट तयार होते, आणि अन्न पुन्हा जुन्याच मार्गाने जायला लागतं. हा शेवटचा प्रकार खराखुरा बिघाड आहे आणि तिथे ऑपरेशनला चांगला अर्थ आहे.

पण जरा सैलपणा तर वजन अजिबात न वाढलेल्यांच्या तपासणीतही दिसतो. जठर हा स्नायू आहे, तो थोडा ताणणारच. त्यामुळे ‘एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) थैली मोठी दिसली’ एवढ्यावरून वजन त्यामुळेच वाढलं असं म्हणता येत नाही. नुसती थैली पुन्हा छोटी करण्याची ऑपरेशनं बऱ्याच ठिकाणी करून पाहिली गेली, आणि त्यांचा परिणाम बऱ्याचदा फार काळ टिकला नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, मला कळतं.

चाकू पोचत नाही अशी कारणं

काही औषधांनी वजन वाढतं. मानसिक आजारांवर किंवा फिट्सवर दिली जाणारी ओलान्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, शिवाय स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या. मधल्या वर्षांत यातलं एखादं सुरू झालं असेल आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पत्ताच नसेल, असं सहज घडतं. औषध स्वतःहून बंद करायचं नाही, पण ज्यांनी ते दिलं त्यांना पर्याय विचारायचा. थायरॉइड तपासायचा. झोप, पाळी जाण्याचं वय, दुखापतीमुळे थांबलेलं चालणं, घरातलं एखादं मोठं दुःख, हेही सगळं वजनात उतरतं.

खाण्याबद्दल बोलायचं तर ‘जास्त खाता का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ऑपरेशन झालेला माणूस एका वेळी जास्त खाऊच शकत नाही. तो दिवसभर चरतो. दोन घास इथे, एक बिस्किट तिथे, गोड पेयाचे घोट. याच्या मुळाशी कधीकधी शारीरिक अडचण असते. घट्ट, प्रथिनांचं अन्न गिळताना छातीत अडकतं किंवा दुखतं, म्हणून माणूस नकळत मऊ, विरघळणाऱ्या पदार्थांकडे वळतो. ते पदार्थ अडकत नाहीत, आणि पोटही भरत नाहीत. इथे इच्छाशक्तीवर व्याख्यान देण्यापेक्षा नळी कुठे अरुंद झालीय का ते पाहायला हवं.

आणखी एक चक्र सहसा ओळखलंच जात नाही. बायपासनंतर काहींना गोड किंवा पिष्टमय खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, काही सुचत नाही. गोड खाल्लं की बरं वाटतं. मग पुन्हा साखर चढते, पुन्हा पडते, पुन्हा खाल्लं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला हा खादाडपणा वाटतो. आहार बदलून, गरज पडली तर औषधाने यावर उपचार होतात. हे न ओळखता दुसरं ऑपरेशन केलं तर चक्र तसंच राहू शकतं.

दारूचंही सांगायला हवं. बायपासनंतर दारू झपाट्याने रक्तात जाते आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूचा त्रासदायक वापर वाढल्याचं दिसलं. कॅलरीचा मुद्दा आहेच. पण व्यसन लागलेलं असेल तर आधी त्याचा उपचार, मग बाकी सगळं.

पहिलं ऑपरेशन कुठलं होतं?

पुढचा रस्ता बराचसा यावर ठरतो.

बँड असेल तर गोष्ट त्यातल्या त्यात सरळ आहे. जठराच्या वरच्या भागाला सिलिकॉनचा पट्टा बांधायची पद्धत एकेकाळी जोरात होती, आता ती बरीच मागे पडली. पट्टा सरकतो, जठराच्या भिंतीत रुततो, गिळणं अवघड होतं. तो काढून स्लीव्ह किंवा बायपास करतात. कधी एकाच वेळी, तर कधी ऊतींना सावरायला काही महिने देऊन दोन टप्प्यांत.

स्लीव्ह असेल तर मी सगळ्यात आधी वजनाबद्दल विचारणारच नाही. छातीत जळजळतं का? रात्री घशाशी आंबट येऊन जाग येते का? उशी उंच करून झोपावं लागतं का? अरुंद नळीत दाब जास्त राहतो, त्यामुळे ॲसिड वर ढकललं जातं. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची थेट तुलना करणारी एक चाचणी झाली. तिच्या दहा वर्षांच्या निकालात अन्ननलिकेला सूज असलेले स्लीव्हच्या गटात ३१ टक्के होते आणि बायपासच्या गटात ७ टक्के. वर्षानुवर्षं ॲसिड लागत राहिलं तर काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं. त्याला बॅरेट्स म्हणतात, आणि त्यातून कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. म्हणून औषधांना दाद न देणारा रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड वर येत राहणं, हे स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करण्याचं सगळ्यात भक्कम कारण आहे. इथे दुसरं ऑपरेशन आपलं काम चोख करतं, बहुतेकांची जळजळ खूप कमी होते.

त्याच ऑपरेशनकडून केवळ वजनाची अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी येऊ शकते. स्लीव्हचा बायपास केला की वजन उतरतं, पण पहिल्या खेपेसारखं नाही. आतड्याचा जास्त लांब भाग वगळणारी ऑपरेशनं, म्हणजे ड्युओडेनल स्विच किंवा तिची सुटसुटीत आवृत्ती साडी, वजन जास्त उतरवतात. (या साडीचा नेसायच्या साडीशी काही संबंध नाही, ते इंग्रजी लघुरूप आहे.) पण जितकं आतडं वगळाल तितकं पोषणही वगळलं जातं. प्रथिनं कमी पडतात, चरबीत विरघळणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियम कमी पडतं, शौचाला वारंवार आणि पातळ होतं. ज्याला आत्ताच व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज घेणं जमत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बायपास आधीच झालेला असेल तर पर्याय सगळ्यात अवघड. एंडोस्कोपीतून, बाहेर एकही चीर न देता, सैल झालेला जोड टाके घालून किंवा आर्गॉन वायूच्या साहाय्याने भाजून आवळता येतो. याने उतरणारं वजन बेताचं, पण धोकाही मोठ्या ऑपरेशनपेक्षा कमी. आतड्याची जोडणी आणखी खाली नेता येते, त्यात कुपोषणाचा धोका खरा आहे. काहींना त्यापायी पुन्हा ऑपरेशन करून जोडणी वर आणावी लागते.

धोका दुपटीने की दसपटीने?

पहिलं ऑपरेशन आता बरंच सुरक्षित झालं आहे. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास. दुसऱ्या खेपेला मात्र सर्जन कोऱ्या पाटीवर काम करत नसतो. आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात. जुन्या पिना मारलेल्या जागी ऊती जाड आणि कडक झालेल्या असतात, रक्तपुरवठा आधीच एकदा तोडलेला असतो. म्हणून जोडातून गळती, रक्तस्राव, अल्सर, पुन्हा दाखल व्हावं लागणं हे सगळं पहिल्यापेक्षा जास्त घडतं. किती पट, याचा एकच आकडा देणं खोटेपणा होईल. बँड काढून बायपास करणं आणि बायपासची जोडणी बदलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आकडा मागायचा तो समोरच्या सर्जनकडे. हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलंत, आणि तुमच्या किती पेशंटना गुंतागुंत झाली? या प्रश्नाने सर्जनला राग आला तर तेही एक उत्तरच समजा.

धूम्रपान चालू असेल तर बोलणी तिथेच थांबवायला हवीत. जोड भरत नाहीत, अल्सर होतात.

मधल्या काळात औषधं आली

दहा वर्षांपूर्वी वजन परत वाढलेल्या माणसापुढे पुन्हा ऑपरेशन किंवा पुन्हा डाएट, जवळजवळ इतकंच होतं. आता तसं नाही. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलं. टिर्झेपेटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. या चाचण्यांतली माणसं ऑपरेशन झालेली नव्हती. पण ऑपरेशननंतर वजन पुरेसं न उतरलेल्यांवरही लंडनमध्ये एक छोटी चाचणी झाली. त्यात लिराग्लुटाइड या जुन्या औषधाने २४ आठवड्यांत सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि नुसत्या खोट्या इंजेक्शनने अर्धा टक्का.

गंमत अशी की ही औषधं म्हणजे, बायपासनंतर आपोआप वाढणाऱ्या त्याच जीएलपी-१ ची बाहेरून केलेली नक्कल. आतली भूक परत आलीय आणि जोडात काही बिघाड नाही, अशा माणसाने आधी इंजेक्शन आणि मग चाकू हा क्रम धरणं मला शहाणपणाचं वाटतं. अडचण आहे ती टिकण्याची. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. म्हणजे औषध वर्षानुवर्षं घ्यायची तयारी आणि ऐपत हवी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि आधीच कमी खाणाऱ्या माणसाचे स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिनांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पण औषध सोसलं नाही तर थांबवता येतं. कापलेलं जठर परत शिवता येत नाही.

भेटीला जाताना

पहिल्या ऑपरेशनचे कागद शोधून सोबत न्या. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशनमध्ये काय केलं याची सविस्तर नोंद लागते. थैली केवढी ठेवली, आतडं किती वगळलं, हे त्यात असतं, आणि नव्या सर्जनला ते अंदाजाने ठरवायला लागू नये. पहिल्या रुग्णालयाकडून ती मागून घेता येते. वर्षवार वजनाचा साधा तक्ता करा. त्यात नवीन औषध, गर्भारपण, आजारपण, नोकरीतला बदल यांच्या खुणा घाला. वजन नेमकं कधीपासून वर वळलं हे त्या कागदावर अनेकदा आपोआप दिसतं.

एंडोस्कोपी, पांढरं औषध पाजून काढलेले एक्स-रे, रक्तातली लोह, बी-१२, डी आणि थायरॉइडची पातळी, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी बोलणं, एवढं व्हायच्या आधी कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर ती घेऊ नका.

आणि सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: मी काहीच केलं नाही, तर पुढच्या पाच वर्षांत काय होईल? अन्ननलिकेचं अस्तर बदलायला लागलं असेल तर उत्तर वेगळं येईल. थैली आणि जुनं जठर यांच्यात वाट पडली असेल तरी वेगळं. आणि वजन दोन वर्षांपासून ९२ वरच उभं आहे, साखर नीट आहे, जिने चढता येतात, असं असेल तर कदाचित सर्जनच म्हणेल, सहा महिन्यांनी या, तेव्हा पुन्हा वजन करू.